काकूंचा गुलाब काळा का पडला?

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात एकलहरे येथील मैत्रिणींच्या गटाने केलेले हे भाषण. वाचकांसाठी थोडे नीटनेटके करून देत आहोत.)

आम्ही एकलहऱ्याच्या. काहीजणी वीज केंद्राच्या वसाहतीतल्या, काहीजणी गावातल्या. आज फोटोबद्दल बोलणार आहोत. लगेच रेडिओ बंद करू नका! आमच्यापैकी एकीकडेही मोठा कॅमेरा नाही. आहेत ते साधे मोबाइल, तेही बहुतेक मुलांनी नवा घेतल्यावर आईकडे आलेले. पण घरातल्या खिडकीपाशी बसून फुलांचे कृष्णधवल, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट, फोटो कसे काढायचे हे आम्हाला शिकावे लागले. 'लागले' म्हणतो, कारण हौसेखातर शिकलो नाही. गरज पडली.

त्याचे असे झाले. आमच्यातल्या एका काकूंचे यजमान निवृत्त होणार होते. जानेवारीच्या अखेरीला क्वार्टर रिकामे करून द्यायचे होते. एकतीस वर्षे काकू त्या घरात राहिल्या. मागच्या अंगणात त्यांचा देशी गुलाब, चांदवडच्या माहेराहून फांदी आणून लावलेला. आता त्याचा बुंधा मनगटाएवढा झालेला, मुळे पार भिंतीखाली गेलेली. कुंडीतले झाड गाडीत घालून नेता येते. हे कसे न्यायचे?

मग आम्ही ठरवले की काकूंना निरोपाची भेट म्हणून एक छोटी पुस्तिका करायची. आमच्या सगळ्यांच्या अंगणातली फुले त्यात घ्यायची आणि पहिल्या पानावर काकूंचा गुलाब. नाशिकरोडच्या एका छपाईवाल्यांकडे चौकशी केली. रंगीत छपाई आमच्या भिशीच्या पैशांत बसेना. एका शाईत, काळ्या रंगात, करायचे ठरले. आमच्यातल्या एकीने उत्साहाने मोबाइलमध्ये ब्लॅक अँड व्हाइटची सोय शोधली आणि तिथल्या तिथे, झाडावरच, भर दुपारी गुलाबाचा फोटो काढला. नमुन्याचे पान छापून आले. काकूंनी चष्मा लावला, पान लांब धरले, जवळ धरले आणि म्हणाल्या, "अगं, हा माझा गुलाब आहे की कोळशाचा खडा?"

आम्ही हसलो खऱ्या, पण पान पुन्हा बघितले तर खरेच तसे होते. फूल कुठे संपते आणि पान कुठे सुरू होते, काही कळत नव्हते. झाडावर आता दोनच कळ्या उरल्या होत्या आणि महिना संपायला अठरा दिवस.

लाल आणि हिरवा एकच कसे होतात?

आधी गुलाब काळा का पडला ते शोधावे लागले. तुमच्या घरी आजीच्या लग्नाचा जुना फोटो असेल तर तो काढून बघा. आजीच्या कपाळावरचे कुंकू काळे दिसते. लाल काठही काळा दिसतो. कुंकू तर लालभडक होते. मग ते काळे का?

काळ्या-पांढऱ्या फोटोला रंग कळत नाही, फक्त उजेड किती ते कळते. आपल्या डोळ्यांना लाल गुलाब हिरव्या पानांत उठून दिसतो, कारण रंग वेगळे आहेत. रंग काढून घेतला की उरतो तो फक्त फिकट-गडदपणा. आणि गुलाबाचा गडदपणा व पानाचा गडदपणा बहुतेक वेळा सारखाच निघतो.

याचा हिशेब सोपा आहे. मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे लिहून ठेवतो : लाल किती, हिरवा किती, निळा किती. आकडा शून्य म्हणजे काहीच नाही आणि २५५ म्हणजे भरपूर. रंगीत फोटोचा काळा-पांढरा करताना मोबाइल हे तीन आकडे एकत्र करतो, पण सारख्या वाट्याने नाही. ढोबळ मानाने शंभरातले ३० भाग लालचे, ५९ भाग हिरव्याचे आणि ११ भाग निळ्याचे. आपल्या डोळ्यांना हिरवा उजेड जास्त जाणवतो म्हणून हे प्रमाण ठेवले आहे.

आता समजा, गुलाबाच्या पाकळीत लाल १८०, हिरवा २० आणि निळा ४० आहे. वाटे घालून बेरीज केली की येतात साधारण ७०. शेजारच्या पानात लाल ६०, हिरवा ९० आणि निळा ४० आहे. त्याचे येतात साधारण ७६. बघा, ७० आणि ७६! दोन्ही एकाच राखाडी रंगाचे. छपाईत हा फरक पार पुसून जातो.

पण तेच आकडे वेगवेगळे बघा. नुसता लाल आकडा घेतला तर फूल १८० आणि पान ६०. म्हणजे उजळ फूल, गडद पान. नुसता हिरवा घेतला तर फूल २० आणि पान ९०. म्हणजे काळे फूल, उजळ पान. फोटो एकच, पण त्यातून दोन अगदी वेगळी चित्रे निघतात. कोणते काढायचे हे आपल्या हातात आहे. अट एकच : फोटो रंगीत काढलेला हवा.

आमची चूक इथेच झाली होती. आम्ही मोबाइलला आधीच ब्लॅक अँड व्हाइटवर ठेवून फोटो काढला. त्याने तीन आकड्यांचा एक करून टाकला. वरण-भात कालवल्यावर वरण वेगळे काढता येत नाही, तसे हे. म्हणून पहिला धडा असा : फोटो नेहमी रंगीत काढायचा, काळा-पांढरा नंतर करायचा आणि मूळ रंगीत फोटो कधी पुसायचा नाही.

त्र्यंबकेश्वरच्या माणसाचा वाटाणा

आमच्यातल्या एक शिक्षिकाबाई तेव्हा म्हणाल्या, "अहो, घरात झाड ठेवून काळे-पांढरे चित्रण आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने केले आहे." दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. नाशिकला पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, तिथे आपण सहलीला जातो. १९१२ साली ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. चित्रपटाला पैसे लावायला कोणी तयार होईना. लोकांना पटवायला काहीतरी हातात हवे. म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून, मध्ये वेळ सोडत एकेक चित्र घेत गेले. ती चित्रे सलग दाखवली की वाटाणा डोळ्यांदेखत रुजतो, कोंब वर येतो, वेल चढतो. जेमतेम मिनिटभराचा तो चित्रपट, नाव 'अंकुराची वाढ'. तो बघून कर्ज मिळाले आणि पुढे ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

यातली आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. सरस्वतीबाई फाळके. त्यांनी दागिने गहाण ठेवायला दिले, हे बऱ्याचजणींनी ऐकलेले असते. पण त्या नुसत्या दागिने देऊन थांबल्या नाहीत. फिल्मच्या कडेला भोके पाडणे, फिल्म धुणे ही कामे त्या शिकल्या. आणि चित्रीकरणाच्या वेळी त्या पांढऱ्या चादरी धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहत. कशासाठी? ऊन चादरीवर पडून परत फेकले जाते. चेहऱ्याच्या ज्या बाजूला सावली असते तिथे मऊ उजेड पोहोचतो. आज स्टुडिओत याला रिफ्लेक्टर म्हणतात. आम्ही फुलासाठी तेच केले, सरस्वतीबाईंच्या चादरीऐवजी उशीचा अभ्रा धरून.

आणि आजीच्या काळ्या कुंकवाचे उत्तरही इथेच सापडते. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. म्हणून तर ती लाल दिव्यात धुता येई. जे फिल्मला दिसत नाही ते फोटोत काळे उमटते. पुढे लाल दिसणारी फिल्म आली, पण गडद लाल कुंकू तिच्यातही काळपटच राहिले.

फूल घरात का आणायचे, कसे आणायचे?

अंगणात तीन अडचणी असतात. वारा, धूळ आणि दुपारचे कडक ऊन. वाऱ्याने फूल हलले की फोटो पुसट. धुळीचा कण रंगीत फोटोत लपतो, काळ्या-पांढऱ्यात तो पांढरा ठिपका होऊन समोर येतो. आणि कडक उन्हात एक बाजू पांढरीफटक, दुसरी काळीकुट्ट होते, मधले काही उरतच नाही. काळ्या-पांढऱ्या फोटोचा जीव मात्र त्या मधल्या राखाडी छटांतच असतो.

म्हणून फूल घरात आणायचे. पहाटे किंवा सकाळी लवकर, ऊन तापायच्या आधी तोडायचे. देठ लांब ठेवून तिरका कापायचा, खालची पाने काढायची आणि तासभर खोल पाण्यात उभे करायचे. मगच फोटो. नाहीतर अर्ध्या तासात मान टाकते. फुलावर धूळ असेल तर पाण्याने धुऊ नका, रांगोळीचे रंग झटकायला ठेवतो तसल्या मऊ कुंचल्याने झटका.

प्रत्येक फुलाची वेळ वेगळी, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. पारिजातक पहाटे गळलेलाच असतो, आठ वाजेपर्यंत कोमेजतो. जास्वंद आणि कृष्णकमळ एका दिवसाची. गुलबक्षी दुपारी चारनंतर उमलते, तोवर उजेड उतरायला लागतो, घाई करावी लागते. आणि आपण घरोघरी लावतो ते ब्रह्मकमळ रात्रीच फुलते. त्याची कुंडीच आत आणायची, खोलीतले दिवे बंद करायचे आणि एका मैत्रिणीने बाजूने बॅटरी धरायची. बॅटरीसमोर पातळ पांढरा रुमाल ताणून धरला की तोच उजेड मऊ होतो.

फूल निवडताना रंग विसरायचा. आम्हाला सगळ्यात जड गेले ते हेच. बाजारात आपण रंगावर भुलतो. दसऱ्याला झेंडूच्या राशी बघून मन भरते, पण काळ्या-पांढऱ्यात त्या राशीचा नुसता करडा ढीग होतो. इथे आकार बघायचा : पाकळ्यांची वळणे, शिरा, कडांची झालर, देठाचा बाक. कृष्णकमळ, शेवंती, अनंत, सोनचाफा, जास्वंदीचा तुरा, सगळे छान येतात. सुकायला लागलेले फूलही टाकू नका. कडा मुरडल्या की कधी कधी ते ताज्यापेक्षा सुंदर दिसते.

खिडकी हाच आपला दिवा

घरातली सगळ्यात चांगली खिडकी म्हणजे जिच्यातून ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, म्हणून उत्तरेच्या खिडकीत दिवसभर मऊ उजेड असतो. मेअखेरपासून जुलैपर्यंत मात्र आपल्या नाशिकला सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो, तेव्हा उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ ऊन येते. ऊन येत असेल तर खिडकीवर जुने धोतर किंवा पांढरी सुती साडी बांधा. ऊन कापडावर पसरते आणि आत मऊ होऊन येते.

फूल खिडकीपासून दोन-तीन फुटांवर, स्टुलावर ठेवा. खिडकी फुलाच्या समोर नको, बाजूला हवी. समोरून उजेड पडला की फूल सपाट दिसते. बाजूने पडला की प्रत्येक पाकळीची सावली पुढच्या पाकळीवर पडते आणि फूल हाताने उचलावेसे वाटते. भाकरीच्या पिठात नखाने रेघ मारून बघा. समोरून ती दिसत नाही, बाजूने उजेड आला की ठळक दिसते. तसेच हे.

मग सावलीच्या बाजूला पांढरा अभ्रा किंवा पांढरा पुठ्ठा धरा. जवळ नेला तर सावली फिकी होते, लांब नेला तर गडद. स्टीलचे ताट धरू नका. त्याचा उजेड चट्ट्यासारखा पडतो.

पंखा बंद. ट्यूबलाइटही बंद. ट्यूबचा आणि खिडकीचा उजेड वेगळ्या रंगाचा असतो. दोन्ही एकत्र पडले की त्या तीन आकड्यांचा गोंधळ होतो आणि नंतर गाळणी लावताना फुलावर डाग उठतात. शिवाय काही दिव्यांखाली फोटोत आडव्या पट्ट्या येतात. त्या का येतात हे तर आपल्याला घरच्या माणसांनाच विचारता येते. केंद्रातली टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५०. तेवढ्या वेळा वीज पुढे-मागे होते आणि साधा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. खिडकीच्या उजेडाला असला त्रास नाही.

मागे काय लावायचे?

आमच्याकडे एका वहिनींच्या सासूबाईंची जुनी काळी चंद्रकळा होती. तिचा साधा, काठ नसलेला भाग आम्ही पाठीमागे टांगला. सुती काळे कापड उजेड पिऊन टाकते. रेशमी किंवा सॅटिनचे चमकते, ते नको. कापड फुलाच्या मागे दोन-तीन फूट लांब टांगा, म्हणजे खिडकीचा उजेड फुलावर पडेल, कापडावर कमी पडेल. पांढऱ्या फुलांना, म्हणजे मोगरा, अनंत, निशिगंध यांना, काळी पार्श्वभूमी शोभते.

गडद फुलांना मागे पांढरा ड्रॉइंग पेपर लावा. आणि पातळ पाकळीचे फूल असेल, जास्वंदीसारखे, तर ते थेट खिडकीच्या पांढऱ्या पडद्यासमोर धरून बघा. उजेड पाकळीतून आरपार येतो, शिरा न्‌ शिरा मोजता येते.

मोबाइलला थोडे आवरावे लागते

आधी लेन्स पदराने पुसा. हसू नका, निम्मे पुसट फोटो तेलकट बोटांमुळे येतात! मोबाइल हातात धरू नका. तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवा आणि टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना हलणार नाही. फुलाच्या अगदी अंगावर जाऊ नका. ठरावीक अंतराच्या आत मोबाइलला स्पष्ट दिसत नाही. थोडे लांबून काढा, नंतर कापून घ्या. मागचे पुसट करणारे पोर्ट्रेट मोड वापरू नका, ते पाकळ्यांच्या कडाही खाऊन टाकते.

आता महत्त्वाचे. मोबाइलला वाटते की जगातली प्रत्येक गोष्ट मध्यम उजेडाची असते. समोर काळी चंद्रकळा दिसली की तो म्हणतो, "अंधार फार आहे," आणि सगळेच उजळ करतो. बिचारा मोगरा मग पांढरा कागद होऊन जातो, पाकळ्याच दिसत नाहीत. म्हणून फुलावर बोट टेकवा. बाजूला सूर्यासारखे चिन्ह येते, ते खाली ओढा. पाकळीवरच्या शिरा दिसायला लागेपर्यंत ओढा. फोटो गडद वाटला तरी चालेल. गडद भाग नंतर थोडा उजळता येतो, पण जे पांढरेफटक झाले त्यात काहीच उरलेले नसते.

लाल फुलालाही हेच करायचे. लालभडक पाकळीत लालचा आकडा पटकन २५५ ला जाऊन टेकतो. मग पाकळीवरची घडी आणि पाकळीचा फुगवटा दोन्हींचा आकडा २५५. गुलाबाचा एकच लाल गोळा होतो.

रंगीत फोटोचा कृष्णधवल

आता फोटो स्नॅपसीडसारख्या फुकट मिळणाऱ्या अ‍ॅपमध्ये उघडा. त्यात ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रंगीत गाळण्या असतात : लाल, नारिंगी, पिवळी, हिरवी, निळी. गाळणीचा नियम एवढाच की ज्या रंगाची गाळणी, तो रंग उजळतो आणि विरुद्ध रंग गडद होतो. आमच्या अनुभवातून काही जोड्या सांगतो.

लाल गुलाब, लाल जास्वंद : लाल गाळणी. फूल उजळते, पाने गडद होतात. फूल मुद्दाम काळेशार, मखमली हवे असेल तर हिरवी.

गोकर्ण : इथेही आम्ही फसलो होतो. समजा, गोकर्णाच्या पाकळीत लाल ६०, हिरवा ५० आणि निळा १७० आहे. नेहमीच्या वाट्याने येतात ६६. पान होते ७६. पुन्हा दोघे एक! निळी गाळणी लावली की फूल १७० आणि पान ४०. चांदण्यातले फूल वाटते.

झेंडू : समजा, लाल २५०, हिरवा १७० आणि निळा १०. लाल गाळणीने तो पांढराफटक होतो. हिरवी लावली की पाकळ्यांचे थर वेगळे दिसतात. निळी लावली तर काळा पडतो, एकदा गंमत म्हणून लावून बघा.

मोगरा, अनंत, निशिगंध : पांढऱ्यात तिन्ही आकडे जवळजवळ सारखेच, त्यामुळे गाळणीने फुलात फारसा फरक पडत नाही, फक्त पाने बदलतात. पांढऱ्या फुलाचे सगळे काम खिडकीपाशीच झालेले असावे लागते.

आणि छापायचे असेल तर आणखी एक गोष्ट. छपाईत राखाडी रंगाची शाई नसते. काळे ठिपके लहान-मोठे करून राखाडी भासवतात. वर्तमानपत्रातला फोटो भिंगातून बघा, ठिपके दिसतील. साध्या कागदावर शाई थोडी पसरते, गडद भागातले ठिपके एकमेकांना चिकटतात आणि तो भाग काळा होतो. म्हणून मोबाइलवर बरोबर वाटतो त्यापेक्षा फोटो थोडा उजळ करून द्यायचा आणि आधी एकच नमुना काढून बघायचा. आपल्या नाशिकरोडच्या सरकारी मुद्रणालयांत तिकिटे आणि नोटा छापतात, तिथल्या बारीक कामाला आपण कुठे पोहोचणार? पण नमुना बघून मगच छापायचा, एवढे तर आपल्यालाही जमते.

घर न सोडता

मैत्रिणींनो, "घरातून निघणे होत नाही, आम्ही काय करणार," असे आपण फार म्हणतो. अमेरिकेत इमोजेन कनिंगहॅम नावाच्या एक फोटोग्राफर होत्या. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. तीन लहान मुले, त्यातली दोन जुळी. बाहेर जाऊन फोटो काढणे जमेना. मग त्यांनी घराच्या आवारातली झाडे-फुले घेतली. १९२५ सालचा त्यांचा मॅग्नोलियाच्या एका फुलाचा काळा-पांढरा फोटो आज जगभर ओळखला जातो. आपल्या कवठी चाफ्याच्या जातीचेच ते फूल. फोटोत दुसरे काही नाही, पाकळ्या आणि मधला गाभा. पण बघत बसावे असा.

आता काकूंच्या गुलाबाचे सांगतो. दोन कळ्या होत्या. पहिली उमलली ती आम्ही सकाळी तोडली, तेवढ्यात कोणाचा डबा, कोणाचा पाणी यायचा वेळ. दक्षिणेच्या खिडकीत तशीच ठेवून गेलो. जानेवारीचे खाली उतरलेले ऊन थेट आत आले. परत आलो तोवर गुलाबाने मान टाकली होती. काकू काही बोलल्या नाहीत. त्याचेच जास्त वाईट वाटले.

दुसरी कळी सत्तावीस तारखेला उमलली. त्या दिवशी आम्ही स्वयंपाक आदल्या रात्रीच उरकून ठेवला होता. पहाटे काकूंनी स्वतः फूल कापले. तासभर पाण्यात ठेवले. निम्मे घर बांधून झालेले, खोक्यांच्या मध्ये स्टूल ठेवले. उत्तरेची खिडकी, मागे चंद्रकळा, एका बाजूला अभ्रा धरून आमच्यातली सगळ्यात उंच बाई. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवलेला. एकवीस फोटो काढले, त्यातला एक निवडला. लाल गाळणी लावली, थोडा उजळ केला.

या वेळचे पान आले तेव्हा काकूंनी ते लांब धरले नाही. पाकळीच्या कडेला एक जागा किड्याने खाल्लेली होती, ती सुद्धा आली होती. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हो. हा माझाच."

झाडाच्या फांद्याही छाटून काकूंनी पिशव्यांत लावल्या. बारापैकी दोन जगल्या. एक त्यांच्याबरोबर गेली, एक आमच्यातल्या एकीच्या अंगणात आहे. जुने झाड तिथेच आहे. क्वार्टरमध्ये नवीन कुटुंब आले की त्यांना आम्ही पुस्तिका दाखवणार आहोत आणि सांगणार आहोत की याला पाणी घाला.

तुमच्याही अंगणात असे एखादे झाड असेल. कोणी लावलेले, कुठून आणलेले, तुम्हालाच माहीत असेल. उद्या सकाळी त्याचे एक फूल घरात आणा. पंखा बंद करा, दिवा बंद करा, खिडकीपाशी बसा. आणि फोटो रंगीत काढा बरं का, काळा-पांढरा नंतर! येतो आम्ही. नमस्कार.